समुद्रसपाटीपासूनची उंची

पूनमसिंग नाईक तांडा, ता. दिग्रस
६ जुलै २०२५

उज्ज्वला,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. आमच्या शाळेत पत्रलेखन शिकवणारे बबनराव सर त्याला अर्धा गुण देतात. मी तो अर्धा गुण सोडून देतो आहे.

मागच्या रविवारी तू म्हणालीस, "तुमचा आवाज चढते फोनवर. काय सांगाचं ते लिहून पाठवत जा." चढतो, खरं आहे. नवरा दिग्रसजवळच्या आश्रमशाळेत भूगोल शिकवतो आणि बायको सेशेल्सला नर्स, तेव्हा तिकडं पोचायला आवाज जरा चढवावाच लागतो. आता लिहितो. पोस्टातल्या मुलीने सेशेल्स हे नाव दोनदा विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, हे कोणत्या जिल्ह्यात येते सर? मला फार बरं वाटलं.

तुझा फोटो पाहिला. आपल्या सोनूने तो माझ्या मोबाईलच्या पडद्यावरच लावून ठेवलाय, म्हणजे किती वाजले ते पाहायचं तरी आधी तू दिसतेस. मागे समुद्र, बाजूला तुझ्या दवाखान्यातले चौघे, आणि त्यांतला एक उंच माणूस तुझी पिशवी हातात धरून उभा. पिशवी ओळखली मी, पुसदच्या बाजारातून मीच आणली होती. माणूस ओळखला नाही. कोण आहे हे मी विचारत नाही, फक्त दिसला म्हणून लिहितो आहे.

सतरा वर्षं मी विषुववृत्त शिकवतो. बारा महिने सारखी उष्णता, दुपारचा पाऊस, सदाहरित झाडं, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. प्रत्यक्षात दक्षिणेला गेलो तो पांढरकवड्यावरून आदिलाबादपर्यंत, आणि मोठं पाणी पाहिलं ते अरुणावतीच्या धरणाचं. तुला दहावीला भूगोलात अडतीस गुण होते. लग्नानंतर नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी तुझा अभ्यास घेतला, यवतमाळला होस्टेलवर सोडायला मी आलो, नागपूरच्या मुलाखतीला बाहेर चार तास मी उभा राहिलो. आणि विषुववृत्ताच्या चार-पाच अंश खाली राहते कोण, तर तू. वरून सोनूला सांगतेस, "समुद्र पाहू पाहू आता काई वाटत नाही मले." हे वाक्य तू बोलायला नको होतंस. मी जेवणावरून उठलो.

म्हटलं, बघू तरी काय आहे या देशात. बसलो अभ्यासाला. क्षेत्रफळ साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तसे एकोणतीस देश मावतात आणि वर थोडं वावर उरतं. लोकसंख्या लाखाच्या जरा वर. तेवढी माणसं एकट्या यवतमाळ शहरात आहेत आणि त्यांच्याकडे ना राष्ट्रपती ना राष्ट्रगीत. रेल्वे नाही. दिग्रसलाही अजून नाही, पण दिग्रस कधी देश असल्याचा आव आणत नाही. तांदूळ बाहेरून येतो. एका दूरच्या बेटावर लाखभर कासवं आहेत, म्हणजे मतदान घेतलं तर कासवांचं सरकार यायचं. अशा ठिकाणी तुला माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला न्यायचं आहे. जानेवारीत तिथल्या शाळा सुरू होतात, नव्या करारात मूल सोबत ठेवता येतं, सगळं तू ठरवून ठेवलंस.

तिला पाठवायला माझी हरकत नाही असा संमतीचा कागद तू कुरियरने धाडलास म्हणतेस. मला तो मिळालेला नाही. कुरियर पुसदला येऊन पडतं, तिथून दिग्रसला, तिथून कोणाच्या तरी मोटारसायकलवर तांड्यात. धीर धर. आणि सोनूला काय हवं ते विचारा असं जे तू म्हणालीस, त्याची गरज नाही. लहान आहे ती.

भारत

३ ऑगस्ट २०२५

उज्ज्वला,

तुझं पत्र मिळालं. तेवीस दिवस लागले. बैलाच्या पाठीवरून मुक्काम करत आलं असतं तरी एवढ्यात पोचलं असतं.

माझ्या याडीला, म्हणजे तुझ्या सासू रुपीबाईंना, तू जे लिहिलंस ते मी वाचून दाखवलं. आपली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखात फिरली, मी एक देश ओलांडला तर एवढं काय झालं, हा तुझा मुद्दा. रुपीबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बराबर बोलली सून." मी म्हटलं, बरोबर कसं? त्या लोकांनी लेकरं मागं नाही ठेवली, बैलावर सोबत बसवून नेली. त्यावर म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग तेच तं म्हणून राह्यली ते. लेकराले धाड म्हणते." मी दुसऱ्या विषयावर गेलो.

त्या उंच माणसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, माझं पत्र तेव्हा वाटेतच असेल म्हणा. सोनूनेच मला परवा सांगितलं, "तो मार्सेल हाय बाबा, अँबुलन्स चालवते. त्याले चार नातवंडं हायत." चार नातवंडं असलेल्या माणसानेही दुसऱ्याच्या बायकोची पिशवी धरायचं कारण नाही, असं माझं मत आहे.

आता एक बातमी. आठवीला मी पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतला. 'उष्ण कटिबंधातील एक लहान देश.' हेडमास्तर म्हणाले, अभ्यासक्रमात आहे का? मी म्हटलं, मुलांना जग कळलं पाहिजे. फळा स्वच्छ पुसला, रंगीत खडू काढले आणि निळ्या खडूत नुसते ठिपके काढले. एकशे पंधरा बेटं काढायला जागा नव्हती, तीसेक काढली. मग शिकवलं. जमीन किती थोडी आहे. पिण्याचं पाणी पावसावर आहे. माणसं मूठभर, आणि मोठी नोकरी म्हणजे पाहुण्यांची सरबराई. प्रवाळाची बेटं पाण्याच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या छतापेक्षा खाली. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतं आहे, समुद्र चढतो आहे. निळा खडू आडवा धरून मी ठिपक्यांवरून फिरवला. एकेक बेट गेलं. पोरं वह्या सोडून फळ्याकडे बघत राहिली.

सोनू दुसऱ्या बाकावर बसते. वर्गात ती मला सर म्हणते. तिने हात वर केला. "सर, तो देश पुरा बुडन काय?"

मी खडू खाली ठेवला. म्हणालो, "तज्ज्ञ लोक तसं म्हणतात."

यात खोटं काहीही नाही, तू कोणालाही विचार. भूगोलाचा मास्तर आहे मी, भूगोलच शिकवला.

घरी येताना मोटारसायकलवर ती मागे गप्प बसली होती. एरवी दिग्रसच्या जिनिंगपासून तांड्यापर्यंत तिचं तोंड बंद नसतं. मला वाटलं, विचार करते आहे. करू दे.

कागदाचं म्हणशील तर अजून पत्ता नाही. आणि त्यात माझं नाव तू 'भारत देवसिंग आडे' असं बरोबर लिहिलंस, पण वडिलांच्या जागी 'पालक' हा शब्द का? मी पालक नाही, बाप आहे.

भारत

७ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

हो. कागद माझ्याकडे आहे. जूनपासून आहे. मागच्या पत्रात त्यातला 'पालक' शब्द लिहून मी स्वतःच्या हाताने सापडलो, आणि तूही ते नेमकं पकडलंस. दवाखान्यात एवढी बारीक नजर ठेवत असशील तर रोग्यांचं भलं आहे. शाळेच्या कपाटात, मोठ्या नकाशांच्या गुंडाळीत ठेवला आहे. सही केलेली नाही आणि करीन असं वाटत नाही, कारण आता त्याची गरजच पडणार नाही. सोनू येणार नाही म्हणते.

मी तिला काही सांगितलं नाही. तिचं तिलाच कळलं. तुझ्या देशाचं नाव घरात काढलं की ती उठून जाते. तुझे तिथले जुने फोटो तिने मोबाईलमधून काढून टाकले, तो समुद्राचा फोटोही. आता वेळ पाहिली की नुसती वेळ दिसते. रविवारच्या फोनवर ती तुला काय सांगते मला ठाऊक नाही, मी अंगणात असतो, पण फोन झाल्यावर डोळे पुसत आत जाते. तुझ्याशी बोलून लेकरू रडतं, हे तूही लक्षात घे.

तीज झाली. या वर्षी तिने पहिल्यांदा नऊ दिवस उपास धरून दुरडीत गहू पेरले होते. तांड्यातल्या पोरींत तिचेच कोंब उंच आले, रुपीबाई सगळ्यांना दाखवत होत्या. शेवटच्या दिवशी नाल्यावर शिरवायला गेले सगळे, गाणी चालली होती, एकेक पोरगी रडत रडत दुरडी पाण्यात सोडत होती, ती रीतच आहे. सोनूने सोडली नाही. काठावर बसून राहिली दुरडी पोटाशी धरून. रुपीबाई म्हणाल्या, "सोड बाई, तीज घरी नेत नाहीत." तर म्हणाली, "पाण्यात नाही टाकत मी." तांड्याच्या नाईकाच्या घरच्या भुरीबाईंनी समजावलं, मैत्रिणींनी हात धरला. शेवटी दुसऱ्या एका पोरीने तिच्या हातून घेऊन सोडली. तांड्यात चार दिवस त्याचीच चर्चा. मी म्हटलं, वयात येणारी पोरगी आहे, हट्ट करायचीच.

रुपीबाई मात्र मला बोलल्या. "पोरगी काहून वाळून राह्यली रे भारत? तुह्या शाळेत कोणी काई म्हणते काय तिले?" मी म्हटलं, माझ्या शाळेत माझ्या मुलीला कोण काय म्हणणार.

घटक चाचणी घेतली. पाच गुणांचा प्रश्न मीच काढला: 'सेशेल्स हा देश भविष्यात राहण्यायोग्य का राहणार नाही? कारणे लिहा.' सोनूने पान भरून लिहिलं. जमीन, पाणी, समुद्र, तापमान, चारही मुद्दे क्रमाने, अक्षर मोत्यासारखं. मी पाचपैकी पाच दिले. बबनराव म्हणाले, "स्वतःच्या पोरीले पाचपैकी पाच देता, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, वाचून पाहा आणि एक तरी गुण कापून दाखवा.

तू इथे राहिली असतीस तर या मुलीचं अक्षर तुला रोज दिसलं असतं.

भारत

२८ सप्टेंबर २०२५

उज्ज्वला,

आज फोन झाल्यावर सोनू धावत अंगणात आली. कित्येक दिवसांत तिला धावताना पाहिलं नव्हतं. "बाबा, आई येऊन राह्यली. कायमची. नोकरी सोडतो म्हणे."

मग दिग्रसला गेलो आणि चुना आणला. मधली भिंत पावसाने फुगली आहे, ती खरवडून काढतो. तुझ्या शिलाई मशीनवर मी वह्यांचे गठ्ठे ठेवले होते, ते उचलले. रुपीबाईंनी विचारलं, "काय झालं तुले?" मी म्हटलं, सून येते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढी शिकून सवरून कायले सोडते ते?" मला राग आला त्यांचा.

तीन वर्षं मी काय काय बोललो ते विसर. गेल्या वर्षी तू महिनाभर सुट्टीवर आलीस आणि मी शाळेतल्या खोलीत राहायला गेलो, कारण सांगितलं की वसतिगृहावर माणूस नाही. माणूस होता. तू चहा देताना तिथल्या कोणाचं तरी नाव घेऊन हसायचीस, आणि मला वाटायचं, या हसण्यातलं मला काहीच कळत नाही. माझ्या घरात बसून तू मला परकं करतेस असं वाटायचं. आता तसं होणार नाही. दारव्ह्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स हवी आहे, मी चौकशी करतो.

हे पत्र उद्या टाकीन.

३० सप्टेंबर

टाकलं नाही. पुढचं वाच.

चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर पालकांची सही घेऊन या, असं मी वर्गाला सांगितलं होतं. शाळेचा नियम आहे. काल सोनूने तिची माझ्यापुढे ठेवली. सही करायला मी ती उलटली, तर मागच्या पानावर आणखी एक मुद्दा होता. तपासताना मी तो पाहिलाच नाही. चार मुद्दे मिळाले, पाच गुण देऊन टाकले. मास्तर म्हणून जे वाचलं नाही ते बाप म्हणून वाचलं. जसंच्या तसं लिहितो:

'५) माझी आई तिथे नोकरी करते. तिला पोहता येत नाही. तिला हे कोणी सांगितलेले नाही. म्हणून तिला लवकर घरी आणले पाहिजे.'

मी तिला विचारलं, "हे काय लिहिलंस?" ती म्हणाली, "आईले मी समुद्राचं सांगतलंच नाही बाबा. भेव वाटन तिले. मी नुसती ये म्हणतो, लवकर ये म्हणतो."

म्हणजे तिला तिथे जायची भीती नव्हती. भीती तुझी होती. जुलैपासून ही पोर रोज तुला बुडताना पाहत होती, आणि तुला घाबरवायला नको म्हणून तोंड मिटून होती. दुरडी तिने का सोडली नाही ते मला काल कळलं. नाल्याच्या काठावर मी तिच्यापासून दहा पावलांवर उभा होतो.

तू नोकरी सोडते आहेस ती या रडण्यामुळे. तुला वाटतं, लेकरू आईवाचून झुरतं आहे. ते झुरतं आहे माझ्या धड्यामुळे.

आता मी काय शिकवलं नाही ते लिहितो. तू राहतेस ते बेट प्रवाळाचं नाही, ग्रॅनाइटचं आहे. त्यावरचा सर्वात उंच डोंगर नऊशे पाच मीटर आहे. तुझी खोली उताराच्या वरच्या अंगाला आहे, दोनशे पायऱ्या चढून जावं लागतं, गुडघे दुखतात असं तू पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतंस. किनाऱ्याला आणि सखल बेटांना धोका आहे, तो खराच आहे, पण तुझ्या खोलीत उद्या-परवा पाणी शिरत नाही. हे सगळं मला त्या दिवशी फळ्यापुढे उभा असताना माहीत होतं. माझ्या हातातल्या कागदावर तो आकडा लिहिलेला होता. मी तो वाचला आणि पुढे गेलो.

माझा जीव जळत होता, दुसरं कारण नाही. तुझी नोकरी, तो समुद्र, तो पिशवीवाला म्हातारा, सगळ्यावर. मला जायचं होतं तिथे तू गेलीस, आणि आता सोनूलाही नेणार होतीस.

नोकरी सोडायची नोटीस मागे घे. घेता येत असेल तर आजच घे. येऊ नकोस. तू यावंस असं मला किती वाटतं ते वरच्या पानावर आहे, ते मी फाडलं नाही. पण मी सांगितलेल्या खोट्यासाठी येऊ नकोस.

पत्राला तेवीस दिवस लागतात म्हणून याचे फोटो काढून तुला पाठवतो आहे. पत्रही टाकतो.

भारत

१२ ऑक्टोबर २०२५

उज्ज्वला,

पत्र वाचल्याची निळी खूण आली, उत्तर आलं नाही. समजतो. तरी झालं ते लिहितो.

सोनूला घरी एकटीला सांगणं सोपं होतं. पण शिकवलं होतं वर्गासमोर, तेव्हा दुरुस्ती वर्गासमोरच हवी. सोमवारी आठवीवर गेलो आणि म्हणालो, जुलैत मी तुम्हाला एक धडा अर्धा शिकवला. उरलेला आज घ्या. या वेळी मोठं बेट काढलं, हिरव्या खडूने डोंगर काढला, उंची लिहिली. निम्म्याच्या आसपास जमीन त्यांनी जंगलासाठी आणि प्राण्यांसाठी राखून ठेवली आहे, ते लिहिलं. तिथले मूळ रहिवासी असे कोणीच नाहीत, आफ्रिकेतून, फ्रान्समधून, आपल्या तमिळनाडू-गुजरातेतून माणसं आली आणि त्यांचा देश झाला, ते सांगितलं. आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी ती ग्रॅनाइटची बेटं आपल्याच जमिनीला लागून होती, आपल्या पायाखालचा काळा दगड लाव्हातून तयार झाला त्याच सुमाराला ती सुटी झाली, हेही सांगितलं. हा तर माझा आवडता भाग. जुलैत मी तोही गाळला होता. तुझा देश आपल्याला लागून होता हे मला पोरांना सांगायचं नव्हतं.

एका मुलाने विचारलं, "सर, मंग चाचणीचे मार्क?" मी म्हटलं, प्रश्न चुकीचा होता, सगळ्यांना पाच. पोरं खूश झाली.

सोनू शेवटपर्यंत वहीत लिहीत होती. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. बबनराव उठून बाहेर गेले.

"तुम्हाले ठाऊक होतं?"

"हो."

"तीजच्या दिवशीबी?"

"हो."

"मी रात्री आजीपाशी रडत होतो तवाबी?"

मला ते रडणं माहीत नव्हतं, रुपीबाईंनी सांगितलं नव्हतं. पण उंची माहीत होती. मी हो म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती मान हलवून वर्गात गेली. संध्याकाळी मोटारसायकलपाशी आली नाही. एका मैत्रिणीच्या हाती निरोप धाडला की ती आता वसतिगृहात मुलींसोबत राहणार आहे. पाच किलोमीटरवर बापाचं घर आहे, तरी. अधीक्षक बाईंनी विचारलं, ठेवून घेऊ काय सर? मी म्हटलं, घ्या.

रुपीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला वाढलं, आणि आपलं ताट घेऊन भुरीबाईंकडे जेवायला गेल्या.

भिंतीचा चुना तसाच पडला आहे.

भारत

९ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

तुझं पत्र दिवाळीनंतर मिळालं. फोन न करता तूही पत्रच लिहिलंस, आवाज चढू नये म्हणून असेल. नोटीस मागे घेतलीस, त्यांनी घेऊ दिली, हे वाचून हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं वाईटही वाटलं.

मला तू जे बोललीस ते मी दोनदा वाचलं. त्यातलं काही खोडण्यासारखं नाही.

पण शेवटच्या पानावर तू जे लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जूनमध्ये, कागद पाठवायच्या आधी, तू सोनूला विचारलं होतंस. आणि ती तेव्हाच नाही म्हणाली होती. 'मी बाबाले सोडून नाही येत.' तू मला ते कळवलं नाहीस. कागद तरीही पाठवलास, म्हटलंस बघू, मन वळेल. तू लिहितेस: 'मले तुमचा हेवा वाटला. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि तिनं पाह्यलं तुमच्याकडं. तुम्हाले हे सांगून आणखी मोठं कायले करू?'

तुझ्यावर चिडायला मला तोंड नाही. तू एक वाक्य लपवलंस, मी एक डोंगर लपवला. पण ते वाक्य जूनमध्ये माझ्या कानावर पडलं असतं, तर मी त्या फळ्यावर एक ठिपकाही काढला नसता. आणि मी तिला नुसतं विचारलं असतं, तरी तिने मलाही तेच सांगितलं असतं. रोज पाच किलोमीटर ती माझ्या पाठीला टेकून बसत होती. मी विचारलं नाही. तुझ्याकडून तिला कशी राखायची याच्या विचारात होतो, आणि ती तर माझ्याकडेच होती.

आज रविवार. वसतिगृहात गेलो. पोरी आवारात कपडे वाळत घालत होत्या. सोनू आली, समोर उभी राहिली. मी तुझं पत्र दाखवलं नाही. विचारलं, "सोनू, तुला आईकडे जायचंय का?"

ती म्हणाली, "जूनमधी आईनं विचारलं होतं. तवा नाही म्हटलं मी."

"का नाही म्हटलंस?"

"तुमच्यापाशी कोणी नाही म्हणून."

मी विचारलं, "आणि आता?"

तिने हातातला ओला फ्रॉक पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला.

"आता जातो."

शाळा बंद होती. शिपायाकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, नकाशांतून कागद काढला. तीन ठिकाणी सह्या आहेत, तिन्ही केल्या. 'पालक' लिहिलंय तिथेही केली. कागद या पत्रासोबत जोडला आहे, नीट मिळाला की कळव.

भारत